केळफुलाची भाजी आणि पालगडची वाट

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब दापोली तालुक्यांत आठ दिवस राहून आलों. प्रवास फार लांबचा नव्हे. कोंकणची शोभा पाहावयास जाणारी मंडळी बहुधा मुरूड, हर्णै, आंजर्लें या समुद्रकांठच्या बाजूस वळते. आम्ही मात्र डोंगराच्या अंगास असलेल्या पालगड या गांवीं जाण्याची इच्छा मनांत धरून निघालों होतों. याचें कारण असें कीं, शाळेंत मराठी व संस्कृत शिकविण्यांत आमचीं तीसांहून अधिक वर्षें गेलीं, आणि त्या अवधींत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांतील प्रसंग आम्हीं किती वर्गांना सांगितले असतील याची गणती नाहीं. ज्या गांवांत ते प्रसंग घडले तें गांव मात्र आम्हीं कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. तें पाहावें, नातवंडांना दाखवावें आणि परत यावें, एवढाच बेत होता. परत येतांना जें पदरांत पडलें तें निराळेंच होतें. ज्यांच्या घरीं जेवणाच्या पाटावर रोज तंटा होतो अशा वाचकांच्या तें कानीं घालावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर एकत्र आहे. धाकटे बंधु व त्यांचीं माणसें, आमचे चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडें, मिळून दहा पानें होतात. स्वयंपाकघर एकच, पण खरें बोलावयाचें तर घर एक आणि स्वयंपाक चार, अशी अलीकडे स्थिति झाली होती. नातू नऊ वर्षांचा. त्याची भाजी म्हणजे बटाटा, आमटी म्हणजे वरचें पाणी, आणि पोळी म्हणजे तूप-साखरेची गुंडाळी. याहून अधिक कांहीं पानांत पडलें कीं तो पान लोटतो, आणि सूनबाई कचेरींतून दमून आलेली असली तरी दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सचें पातेलें चढविते. नातीला सोळावें वर्ष लागलें आहे. तिची तऱ्हा निराळी. तिला अमुक एक पदार्थ नको असें नाहीं, जेवणच नको. सकाळीं नुसती कॉफी, रात्रीं ‘भूक नाहीं’, आणि मधल्या वेळीं खोलीचें दार लोटून कांहींतरी कोरडें चघळणें. या सर्व प्रकारावर कोणीं बोलावयाचें नाहीं, हा चिरंजिवांचा दंडक. मुलीच्या उष्टावणाच्या दिवशींच त्यांनीं सर्वांना बजावलें होतें कीं, माझ्या मुलांना जेवणावरून कोणीं एक शब्द बोलावयाचा नाहीं. आम्हांला तो निव्वळ लाड वाटे. त्या दंडकामागें कांहीं इतिहास असेल, आणि त्या इतिहासांत आपलाहि भाग असेल, असें मात्र कधीं मनांत आलें नाहीं.

पुण्याहून ताम्हिणीच्या घाटानें माणगांव, तेथून महाड, आणि पुढें मंडणगडच्या बाजूनें डोंगर चढत-उतरत, असा आमचा मार्ग होता. मोटारींत एक भली मोठी पिशवी केवळ नातवाच्या खाण्याची होती. तिच्याकडे पाहून आम्ही मनांत हंसलों खरे. पण आमच्या स्वतःच्या पिशवींत पंचाच्या घडीखालीं बिस्किटांचे दोन पुडे होते, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. बाप लाड करतो म्हणून आजोबा नांवें ठेवतो, आणि बापाच्या मागें आजोबा तेंच करतो. माणगांवीं उपाहारगृहांत सर्वांनीं गरम पोळी-भाजी घेतली, नातवानें बटाट्याचे वेफर्स घेतले, आणि नातीनें खिडकीकडे तोंड करून मोबाईल हातीं घेतला.

महाड मागें पडल्यावर कोंकणाचें खरें रूप दिसूं लागलें. वैशाखाचे दिवस असल्यानें शेतें भाजावळीनें काळीं पडलेलीं. रस्त्याच्या कडेची जांभ्याची लाल धूळ पानापानांवर बसलेली. करवंदांच्या जाळ्या पिकलेल्या. आणि घराघराच्या मागें फणसांची झाडें बुंध्यापासून फळांनीं लगडलेलीं. या मातींत पैसा फारसा पिकला नाहीं, पण माणसें मात्र पिकलीं. जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतां म्हणून परीक्षकांनीं त्यांना परत पाठविलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्या वाटेवर त्यांच्या शिदोरींत काय होतें हें विचारण्याचा मोह नातवाकडे पाहून आम्हांला झाला. पण चिरंजिवांचा दंडक आठवून आम्ही गप्प राहिलों.

पालगडपासून फार दूर नाहीं अशा एका वाडींत आमच्या चुलत बंधूंचें घर आहे. बंधु आतां नाहींत, वहिनी आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीला किंचित् बांक, पण पहांटे उठून अंगणांत सडा घालण्याचा नेम चुकलेला नाहीं. घर जुन्या पद्धतीचें, चिऱ्याचें. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें पडवी, आणि पडवीच्या पलीकडे केळी-पोफळीचें लहानसें आगर. आम्ही पोहोंचलों तेव्हां पानें मांडण्याची वेळ झालीच होती. कुळथाचें पिठलें, भात, कोंवळ्या फणसाची भाजी, पोह्याचा पापड आणि आमसुलाचें सार, असा साधा बेत.

नातवानें पानाकडे पाहून नेहमींचें वाक्य उच्चारलें, “मला हें नको.” सूनबाई पिशवीकडे वळली. वहिनींनीं वाढतां वाढतांच सांगितलें, “नको तर नको, बाळा. भात-तूप घे हवं तेवढं. भाजी एवढी चमचाभर पानांत राहूं दे. नाहीं खाल्लीस तरी चालेल.” एवढें बोलून त्या पुढच्या पानाकडे गेल्या. ‘एक घांस चिऊचा’ नाहीं, ‘संपवलंस तर आंबा देईन’ असें आमिष नाहीं, ‘आमच्या वेळीं’ असें पुराण नाहीं. नातू कांहीं वेळ तसाच बसून राहिला. नाहीं म्हटल्यावर पुढें जो गोंधळ व्हावयाचा तो होईना, याचें त्याला नवल वाटलें असावें. शेवटीं त्यानें भात-तूप खाल्लें आणि तो उठला. चमचाभर भाजी पानांत तशीच राहिली. तीबद्दल कोणीं चकार शब्द काढला नाहीं.

रात्रीं तो भुकेला झोंपेल या काळजीनें आम्हीं पुडा काढला व त्याला हळूच पडवींत बोलाविलें. वहिनी कंदील नव्हे, पण हातांत विजेची बत्ती घेऊन तेथें आल्या. नातवाला त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं. दूध पिऊन निजावयास पाठविलें. मग आम्हांला म्हणाल्या, “भावजी, रागावूं नका. पोर उपाशी राहील ही भीति पोराला नाहीं, तुम्हांला आहे. आणि तुमची भीति त्याला पक्की ठाऊक आहे.” आम्हीं जन्मभर मुलांना शिकविलें, मुलांविषयींचें हें वाक्य मात्र आम्हांला कोणीं शिकविलें नव्हतें. पुडा आम्हीं मुकाट्यानें त्यांच्या स्वाधीन केला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पालगडास गेलों. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं या गांवीं झाला. पुढें ते अंमळनेरास शिक्षक होते. आणि १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली, ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें घर आतां स्मारक म्हणून जपलें आहे. घर लहान आहे. मोठ्या माणसाचें घर मोठें असावें अशी मुलांची समजूत असते, नातू म्हणाला, “नाना, एवढंच?” आम्हीं म्हटलें, “एवढेंच.” पायांतील वाहाणा बाहेर काढून आम्ही आंत गेलों व थोडा वेळ बसलों.

शिक्षकाची खोड जात नाहीं. बसल्या बसल्या आम्हीं नातवंडांना ‘अळणी भाजी’चा प्रसंग सांगावयास घेतला. स्वयंपाकाच्या गडबडींत आई भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील ती भाजी मुकाट्यानें खातात. त्यांचें पाहून मुलेंहि तशींच जेवून उठतात. सर्वांमागून आई जेवावयास बसते, तेव्हां चूक तिच्या ध्यानीं येते, आणि आपण माणसांच्या पानांत असें अन्न वाढलें याचें तिला वाईट वाटतें. हा प्रसंग सांगून, मुलांनीं अन्नाला नांवें ठेवूं नयेत, असें तात्पर्य आम्ही फळ्यावर लिहीत असूं. तेंच तात्पर्य सांगण्यासाठीं आम्ही नातवाकडे वळलों, तोंच चिरंजीव शांतपणें म्हणाले, “नाना, या गोष्टींत मुलांना कोणी कांहीं सांगतच नाहीं.”

आम्ही थबकलों. ते पुढें म्हणाले, “हा धडा तुम्ही आम्हांलाहि शिकवलात. त्याच वर्षीं कारल्याच्या भाजीपुढं मला दिवेलागणीपर्यंत बसवलं होतंत. शेवटीं मीं ती गिळली आणि न्हाणीघरांत जाऊन ओकून टाकली. आईनं मोरी धुतली. तुम्हांला सांगितलं नाहीं. माझ्या पोरांना असं कधीं बसवायचं नाहीं, हें मीं तेव्हांच ठरवलं.”

त्या जागीं हें ऐकावें लागावें यांत कांहीं योग असावा. आमचे चिरंजीव आतां चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. म्हणजे हें शल्य त्यांनीं पस्तीस वर्षें उराशीं बाळगलें, आणि आम्हांला तो दिवस आठवतहि नव्हता. आम्हांला इतकेंच आठवत होतें कीं, आपल्या घरीं शिस्त होती. ज्याला आम्ही त्यांचा लाड समजत होतों तो लाड नव्हताच. आमच्या शिस्तीचाच तो उलटा पडसाद होता. आम्हीं पान पुढ्यांत दाबून ठेवलें, त्यांनीं पान पुढ्यांतून काढूनच टाकलें. मुलाला अन्नाशीं मैत्री करावयास मात्र दोघांपैकीं एकानेंहि दिलें नाहीं. आम्हीं त्यांना म्हटलें, “चुकलें माझें.” घरांतील वडील माणसाला हे दोन शब्द जड जातात; पण ते उच्चारल्यावर परतीची वाट बरीच हलकी झाली.

घरीं आलों तों पडवींत वहिनी आणि नात यांच्यामध्यें केळफूल उलगडलेलें होतें. ज्यांनीं केळफूल निवडलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं, ही भाजी म्हणजे चिकाटीची परीक्षा. हातांना तेल लावावयाचें, नाहीं तर चिकानें बोटें काळीं होतात. एकेक जांभळें पान सोलावयाचें. आंतल्या प्रत्येक फुलांतील ताठ दांडी व पातळ पापुद्रा वेगळा काढावयाचा. मग बारीक चिरून ताकाच्या पाण्यांत रात्रभर ठेवावयाचें. ओटीवर टेकलेल्या आमच्या कानांवर दोघींचें बोलणें पडत होतें. वहिनींनीं ‘कां जेवत नाहींस’ असें विचारलेंच नाहीं. त्या आपल्या स्वतःच्या सोळाव्या वर्षाबद्दल बोलत होत्या. हातांना काम असलें कीं तोंडाला धीर येतो. नात हळूच म्हणाली, एका लग्नांत कोणी बाई तिला ‘किती सुटली आहेस’ म्हणाल्या, आणि सगळे हंसले. त्या हंसणाऱ्यांत आम्हीहि होतों. आम्हांला ती थट्टा वाटली होती. मुलीनें त्या दिवसापासून रात्रींचें पान सोडलें होतें.

वहिनींनीं ‘तूं सुंदरच आहेस’ वगैरे समजूत घातली नाहीं. त्या म्हणाल्या, “लोक बोलायचे ते बोलतात. पण हाडं-रक्त भरायचीं वर्षं हींच. तीं परत येत नाहींत. उद्यां ही भाजी तूं फोडणीला घाल.” केंद्र सरकारच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या रक्तांत लोह-रक्तद्रव्याची उणीव आढळली आहे. पाहणीचे आंकडे वहिनींना ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण जें आंकड्यांत आहे तेंच त्या आपल्या भाषेंत सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं काळे वाटाणे घातलेली ती भाजी पानांत आली. आतां येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्ही केळफूल खात नाहीं. लहानपणीं केव्हां तरी तें तुरट लागलें, आम्हीं नको म्हटलें, आणि लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आमच्या कुटुंबानें तें कधीं घरांत आणलें नाहीं. नातवाच्या नावडी आम्ही बोटांवर मोजत होतों. आमची नावड साऱ्या घराची रीतच होऊन बसल्यामुळें कोणाच्या मोजणींत आली नव्हती. आम्हीं पानाकडे पाहिलें. आमचें कुटुंब आमच्याकडे पाहत होतें. नातूहि पाहत होता. मुलांना अशा गोष्टी बरोबर कळतात.

आदल्या दिवशीं सकाळीं पालगडास बसून सांगितलेला प्रसंग आतां आमच्या पानांत उतरला होता. आम्हीं भाजी भाताशीं कालविली आणि खाल्ली. तुरटपणा होताच, पण त्याच्या मागें नारळाची गोडी होती, आणि त्यामागें दोन माणसांचे तेल लावलेले हात होते. नातवानें विचारलें, “नाना, तुम्हांला आवडली?” खोटें बोलण्याचा मोह झाला. आम्हीं म्हटलें, “फारशी नाहीं. पण एवढी खातां येते.” त्यानें थोडा विचार केला, दोन वाटाणे आणि चिमूटभर भाजी जिभेवर ठेवली, तोंड वांकडें केलें, आणि पाणी प्याला. कोणी हंसलें नाहीं, कोणीं शाबासकीहि दिली नाहीं. समोर आमच्या नातीनें मात्र भाजी मागून घेतली; फोडणी तिची होती.

वाचकांना वाटेल, आतां आठव्या दिवशीं नातू सर्व कांहीं खाऊं लागला असें हे मास्तर सांगणार. तसें झालें नाहीं. निघेपर्यंत तो कोंवळ्या फणसाच्या चार फोडी खाऊं लागला होता. कुळथाच्या पिठल्याला त्यानें अखेरपर्यंत हात लावला नाहीं.

परत आल्यावर हा सारा वृत्तान्त आमच्या डॉक्टर भाचीस सांगितला, तेव्हां ती म्हणाली कीं वहिनींच्या पडवींतलें शास्त्र ग्रंथांतहि आहे. क्लॅरा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं नुकतें अंगावरचें दूध सुटलेल्या पंधरा मुलांपुढें चौतीस प्रकारचे साधे पदार्थ आळीपाळीनें ठेवविले. दाईनें आग्रह करावयाचा नाहीं, मूल बोट दाखवील तेंच भरवावयाचें. प्रत्येक मूल निराळें व विचित्र खाई, पण सर्व मुलें सुदृढ झालीं. १९३९ सालीं या प्रयोगाचें निवेदन करतांना बाईंनीं स्वतःच सांगितलें कीं यांतील खरी मेख पदार्थांच्या यादींत आहे. त्या यादींत साखर नव्हती, साफ केलेलें पीठ नव्हतें. स्वातंत्र्य मुलाचें, पण ताट वडिलांनीं निवडलेलें. पुढें एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनीं याचाच नियम बांधला: काय, केव्हां व कोठें वाढावयाचें हें वडिलांनीं ठरवावें, खावयाचें कीं नाहीं आणि किती, हें मुलानें. नव्या पदार्थाची ओळख पटावयास मुलाला तो आठ-दहा, कधीं पंधरा वेळां दिसावा-चाखावा लागतो. आपण दोन वेळांतच ‘याला आवडत नाहीं’ असा शेरा मारून मोकळे होतों. पानांत राहूं दिलेल्या त्या चमचाभर भाजीचा अर्थ आम्हांला तेव्हां कळला. डायाना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९६६ सालीं वडिलांचे तीन प्रकार वर्णिले: नुसता हुकूम करणारे, सर्व कांहीं चालूं देणारे, आणि मर्यादा घालूनहि मुलाचें ऐकणारे. आमच्या एकाच घरांत पहिले दोन प्रकार पितापुत्रांनीं वांटून घेतले होते; तिसरा पाहावयास कोंकणांत जावें लागलें.

भाचीनें एक इशाराहि दिला, तो येथें नमूद करतों. कांहीं मुलांचें न खाणें हा हट्ट नसून आजार असतो. २०१३ सालापासून वैद्यकांत त्यास स्वतंत्र नांवहि मिळालें आहे. वजन घटूं लागलें, वाढ खुंटली, घशांत अन्न अडकण्याची धास्ती दिसली, किंवा वयांत आलेल्या मुलीनें जेवणच टाकलें, तर उपदेश न करतां वैद्याकडे जावें. आमच्या नातीलाहि आम्हीं तिच्याकडे नेलें, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत.

संस्कृतांत एक जुनें सुभाषित आहे: पांच वर्षें लालन करावें, पुढें दहा वर्षें ताडन करावें, आणि सोळावें लागलें कीं मुलाशीं मित्रासारखें वागावें. आम्हीं आयुष्यभर त्याचा मधला भाग मोठ्यानें शिकविला. तैत्तिरीय उपनिषदांत अन्नाची निंदा करूं नये असें व्रत सांगितलें आहे. तेंहि आम्हीं मुलांसाठीं राखून ठेवलेलें होतें. व्रत ज्याचें त्यानें पाळावयाचें असतें, हें केळफूल पानांत पडेपर्यंत सुचलें नाहीं.

आतां घरीं स्वयंपाक एकच होतो. त्यांत सर्वांना चालेल असा एक तरी पदार्थ असतो. बाकीचें चमचाभर पानांत पडतें, खाल्लें तर बरें, नाहीं तर नाहीं. सूनबाईची संध्याकाळची एक खेप वांचली आहे. मंगळवारीं रात्रीं फोडणी नातीची असते. नातू वांगें अजून खात नाहीं. चिरंजिवांनीं मात्र परवां बाजारांतून येतांना पिशवींत पावशेर कारलीं आणलीं. कां, तें आम्हीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं आम्ही दोघे शेजारीं बसून जेवलों.